खरखर

गुरुवारी भोसरीत मशिनं गप्प असायची,
म्हणून बँडचं नावच पडलं : गुरुवार बंद.
एलिशाच्या मामाचं फॅब्रिकेशनचं शेड,
तेलकट फरशी, पत्र्याखाली अख्खा मे,
ड्रम म्हणून ग्रीसचे दोन डबे आणि एक खरा,
खडकीच्या चर्चमधून उसना आणलेला.
तो अजून परत द्यायचाय.
घरी सांगितलं होतं टायपिंगचा क्लास आहे.
परीक्षा दिली, पासही झाले,
कशी ते विचारू नका.

नोझरकडे कॅसेट होती.
म्हणजे कॅसेटची कॅसेट, आणि तिचीही कॅसेट,
कॅम्पातल्या कुणा चुलतभावाने लंडनहून आणलेली.
तीन टेपरेकॉर्डरांतून गाळून आमच्यापर्यंत पोचेतो
गाणं कमी, खरखर जास्त.
तो पोरगा तिकडे कुणावर ओरडत होता देव जाणे,
आम्ही ओरडायचो कंत्राटदारावर,
पीएमटीच्या कंडक्टरवर,
इस्त्री केलेल्या प्रत्येक शर्टावर.

पण ती खरखर.
आम्हाला वाटलं, तोच त्यांचा सूर.
मग दत्तूने माइकला पिठाची चाळण बांधली,
चाळणीत चार वॉशर टाकले,
आणि मी तोंड उघडलं की
सगळं कसं अगदी तिकडच्यासारखं वाजायचं.

दहा वर्षांनी डेक्कनवरच्या एका दुकानात
तीच गाणी सीडीवर सापडली.
हेडफोन लावले.
आवाज चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लख्ख,
शब्द न् शब्द कळत होता.
मी हेडफोन काढून ठेवले
आणि दुकानदाराला म्हटलं,
ही कॉपी खराब आहे हो.

एलिशा दापोडीला भेटला की अजून तेच.
चौऱ्याण्णवनंतर खरं काही उरलं नाही, म्हणतो.
टीव्हीवर केस रंगवलेली पोरं आली, प्रेमभंगाने कळवळणारी,
मग कॉलेजच्या स्टेजमागे बँकेचं बॅनर,
मग मॉलमध्ये जाकिटं, कंपनीतूनच फाटून आलेली,
चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
नोझर ऑकलंडहून फोनवर हसतो :
अरे, आपण तरी कुठले खरे?
मी तर पप्पांच्या फियाटमधून यायचो.

दत्तू काही म्हणत नाही.
त्याची दोन बोटं त्याच शेडमधल्या प्रेसखाली गेली,
एका बुधवारी.
त्यानंतर आम्ही वाजवलं नाही.

आणि पिना म्हणाल,
तर आईच्या बांगडीत पाच-सहा लटकत असायच्याच.
ब्लाउज उसवला, पिन.
दप्तराचा बंद तुटला, पिन.
पायात काटा मोडला, पिन, आणि वर एक धपाटा.
तिने त्याला कधी काही नाव दिलं नाही.

गेल्या महिन्यात बाणेरला गेले,
भाचीचा, ऋजुताचा कार्यक्रम.
तिकिटावर एक बिअर फुकट,
मनगटाला कागदी पट्टी बांधतात, दवाखान्यात बांधतात तशी.
हिंजवडीच्या बॉसवर गाणं, घरभाड्यावर गाणं,
ब्रोकरवर तर फारच छान शिव्या.
मी नाक मुरडायची तयारी करून आले होते,
ते अर्धंच मुरडलं गेलं.
मध्येच तिने पायाखालचं एक बटण दाबलं
आणि स्पीकरमधून ती आली.
तीच. तिसऱ्या कॅसेटची.
मी उठून पुढे गेले, म्हटलं, काही बिघडलंय का गं?
मावशी, मुद्दाम आहे ते, ती म्हणाली,
जुन्या कॅसेटचा इफेक्ट.
त्याशिवाय ऑथेंटिक वाटत नाही.

चाळणीचं मी तिला सांगितलं नाही.

तिच्या गिटारचा पट्टा सुटत आला होता.
बांगडीतली पिन काढून दिली
तर पोरगी ती जाकिटावर लावून बघायला लागली.
अगं, पट्ट्याला लाव.
लावली.
तिसऱ्या गाण्यापर्यंत टिकली.